शंख सारखा, गोगलगाय वेगळी: विच्छेदनावरून जवळच्या जाती वेगळ्या करण्याची रीत

जुलैमध्ये पावसाने जोर धरला की कोकणातल्या एखाद्या जांभ्याच्या गडग्याशी रात्री विजेरी घेऊन उभे राहावे. तासाभरात पातळ, चपट्या, मधाच्या रंगाच्या चकचकीत शंखांच्या दहा-पंधरा गोगलगायी सहज दिसतात. त्या सगळ्या एकाच जातीच्या आहेत की दोन-तीन जाती एकाच शेवाळावर चरत आहेत, हे शंखाकडे कितीही वेळ पाहिले तरी खात्रीने सांगता येत नाही. उत्तर बहुधा शंखाच्या आत असते. ते कसे शोधायचे, याची रीत येथे क्रमाने मांडली आहे. प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि साधा स्टिरिओ मायक्रोस्कोप बाळगणारे हौशी अभ्यासक हा वाचकवर्ग मनात धरला आहे.

शंख कुठे कमी पडतो

शंखावर मोजण्यासारख्या गोष्टी मोजक्याच असतात: उंची, रुंदी, वेढ्यांची संख्या, नाभीचे छिद्र, तोंडाची कड, पृष्ठभागावरील रेषा आणि रंग. ज्या गोगलगायींचा शंख पातळ, गुळगुळीत आणि पट्ट्यांविना असतो, त्यांच्यात यातल्या निम्म्या खुणा निकामी ठरतात. त्यातच मातीतला चुना, ओलावा आणि अन्न यांप्रमाणे एकाच जातीच्या शंखाचा आकार व जाडी बदलते. उलट, एकाच प्रकारच्या पालापाचोळ्यात राहणाऱ्या दोन दूरच्या वंशांचे शंख एकमेकांसारखे होत जातात. भारतातील मॅक्रोक्लॅमिस ही प्रजाती (म्हणजे जवळच्या अनेक जातींचा गट, जीनस) याचे चांगले उदाहरण आहे. तपकिरी, चपटा आणि चमकदार शंख दिसला की तो या प्रजातीत टाकायचा, अशी एकोणिसाव्या शतकात जणू पद्धतच पडली होती. त्या गाठोड्याची गाठ सोडवण्याचा पहिला मोठा प्रयत्न हेन्री हॅवरशॅम गॉडविन-ऑस्टेन (१८३४–१९२३) यांनी केला. काराकोरमच्या हिमनद्यांचे सर्वेक्षण करणारे आणि के-टू शिखराला ज्यांचे नाव काही काळ लावले जात असे, तेच हे सर्वेक्षक. त्यांनी शंखाबरोबर प्राण्याचे मऊ अंग तपासण्याचा आग्रह धरला आणि जननेंद्रियांची चित्रे काढून छापली. आज आपल्याकडे नेहमी उल्लेख होणारी मॅक्रोक्लॅमिस इंडिका ही जात त्यांनीच १८८३ साली नोंदवली.

जमिनीवरील बहुतेक फुप्फुसधारी गोगलगायी उभयलिंगी असतात आणि त्यांची जननसंस्था विलक्षण गुंतागुंतीची असते. जोडीदाराची निवड आणि शुक्रपेशींची स्पर्धा यांचा दाब थेट याच अवयवांवर पडतो, त्यामुळे दोन वंश वेगळे झाल्यावर येथील रचना शंखापेक्षा लवकर बदललेली दिसू शकते. वर्गीकरणात जननेंद्रियांना इतके वजन मिळण्याचे कारण हेच आहे.

मारण्याआधीची टिपणे

नवखा अभ्यासक सर्वांत जास्त नुकसान येथेच करून घेतो. अल्कोहोलमध्ये गेलेली गोगलगाय आक्रसते, रंग उडतो आणि ज्या मऊ भागांवरून कुळ ओळखायचे ते भाग सुरकुत्यांत हरवतात. म्हणून प्राणी चालत असतानाच वरून, दोन्ही बाजूंनी आणि काचेवर ठेवून खालून त्याची छायाचित्रे घ्यावीत. मॅक्रोक्लॅमिस ज्यात येते त्या ॲरिओफॅन्टिडे कुळात मॅण्टलच्या (शंख घडवणाऱ्या त्वचेच्या घडीच्या) कडेचे पाळीसारखे भाग शंखावर कितपत चढतात, शेपटीच्या टोकावरचा शिंगासारखा उंचवटा केवढा आहे, त्याखाली श्लेष्म साठवणारी खाच आहे का, आणि पायाच्या तळव्यावर तीन उभे पट्टे दिसतात का, हे लिहून ठेवावे. डोळे असलेल्या वरच्या स्पर्शकांचा रंगही टिपावा.

अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलण्यापूर्वी वन विभागाची लेखी परवानगी लागते. गावच्या परसातले किंवा खासगी बागेतले नमुने घेतानाही मालकाला विचारून घ्यावे आणि एका जागेतून गरजेपुरतेच प्राणी उचलावेत.

हात बसेपर्यंत सराव शंखी गोगलगायीवर, म्हणजे लिसाकॅटिना फुलिका या आफ्रिकन जातीवर करावा. १८४७ साली विल्यम हेन्री बेन्सन यांनी ती मॉरिशसहून कोलकात्यात आणली आणि आज ती कीड म्हणून देशभर पसरली आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव या भागांत तिने सोयाबीनची रोपे फस्त केली, हे शेतकरी वाचकांना ठाऊक असेलच. ती आकाराने मोठी असल्याने प्रत्येक अवयव नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मात्र तिच्या शरीरात उंदरांच्या फुप्फुसातील कृमीच्या अळ्या असू शकतात आणि त्यांच्यामुळे माणसाला मेंदूच्या आवरणाचा दाह होतो. म्हणून हातमोजे घालावेत आणि काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत.

शिथिल करून मारणे

आक्रसलेल्या गोगलगायीचे विच्छेदन करणे म्हणजे मूठ आवळलेल्या हातावरच्या रेषा वाचणे होय. प्राणी पूर्ण ताणलेल्या अवस्थेत मरायला हवा. त्यासाठी पाणी उकळून त्यातला विरघळलेला प्राणवायू घालवावा, ते थंड करून बरणीत काठोकाठ भरावे आणि गोगलगाय आत सोडून, हवेचा एकही बुडबुडा न राहील अशा बेताने झाकण लावावे. पाण्यात मेंथॉलचे दोन-चार खडे टाकल्यास प्राणी लवकर सुन्न होतो. लहान जातींना काही तास पुरतात, मोठ्यांना बारा ते चोवीस तास लागतात. स्पर्शकाला सुईने टोचले असता तो हललाही नाही, तरच प्राणी बाहेर काढावा. आपल्याकडच्या उकाड्यात बरणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तशीच राहिली, तर ऊती सडू लागतात आणि आल्ब्युमिन ग्रंथी (अंड्यातला पांढरा भाग बनवणारी) फुगून लगदा होते. म्हणून संध्याकाळी बुडवून सकाळी काढणे हा सोयीचा क्रम आहे.

बाहेर काढताच पायाच्या मागच्या टोकाचा तांदळाएवढा तुकडा कापून ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र इथॅनॉलमध्ये वेगळ्या कुपीत ठेवावा. तो डीएनएसाठी आहे. उरलेला प्राणी ७० ते ८० टक्के इथॅनॉलमध्ये ठेवावा आणि अंगातल्या पाण्याने व श्लेष्माने ते पातळ होत असल्याने एका दिवसाने बदलावे. शंखाच्या वरच्या वेढ्याला बारीक छिद्र पाडले, तर द्रव आतपर्यंत पोहोचतो. नाहीतर सर्वांत आतली उभयलिंगी ग्रंथीच आधी कुजते. फॉर्मॅलिन वापरू नये. ते आम्लधर्मी होत जाते, शंख खाते आणि डीएनए निकामी करते.

चिठ्ठी जाड कागदावर पेन्सिलीने लिहून बरणीच्या आत टाकावी. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि ठिकाण व तारीख नसलेला नमुना वर्गीकरणाच्या दृष्टीने शून्य किमतीचा असतो.

अंग उघडणे

सामग्री फार लागत नाही. तळाला काळे मेण ओतलेली बशी, दोन अणकुचीदार चिमटे, स्प्रिंगची बारीक कात्री, कीटकशास्त्रज्ञ वापरतात तशा अतिबारीक टाचण्या आणि खालून-वरून प्रकाश देणारा मायक्रोस्कोप एवढे पुरे. चिमट्यांवर मात्र पैसे वाचवू नयेत.

शंखाची मापे आणि छायाचित्रे आधी घ्यावीत. मग पाय चिमट्यात धरून, वेढ्यांच्या दिशेने हळूहळू फिरवत अंग बाहेर काढावे. मध्यदांड्याला चिकटलेला स्नायू सुटत नसेल तर ओढाताण करू नये. शेवटच्या वेढ्याला खिडकी पाडून तो स्नायू कापावा. अंग पाण्यात किंवा पातळ अल्कोहोलमध्ये बुडलेले ठेवूनच काम करावे, म्हणजे पातळ नळ्या तरंगून सुट्या दिसतात.

प्रथम श्वासरंध्र शोधावे. उजव्या वेढ्याच्या गोगलगायीत ते उजव्या बाजूला, मॅण्टलच्या जाड कडेत असते. या कडेला लागून कापत जाऊन फुप्फुसाचे छत उलटावे. त्याच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्यांचे जाळे, हृदय, मूत्रपिंड आणि मूत्रवाहिनीचा मार्ग दिसतो. मूत्रपिंडाची लांबी हृदयावरच्या पिशवीच्या किती पट आहे, हे याच वेळी लिहावे. त्यानंतर फुप्फुसाची जमीन आणि पुढे पाठीची त्वचा दोन्ही स्पर्शकांच्या मध्यापर्यंत कापायची असते. हा छेद नेमका मध्यावर न घेता किंचित डावीकडे घ्यावा, कारण जननसंस्था उजव्या भिंतीला चिकटलेली असते.

येथे एक इशारा स्वानुभवाचा. सह्याद्रीत आणि मुंबईच्या परिसरातही आढळणारी ॲरिओफॅन्टा लेव्हिपेस ही डावखुरी गोगलगाय आहे. तिचा शंख डावीकडे उघडतो आणि आतले सगळे अवयव आरशातल्या प्रतिमेसारखे उलटे असतात. हे वाचून पाठ असूनही पहिल्या नमुन्यात मी सवयीने छेद डावीकडे घेतला आणि कात्रीच्या दुसऱ्याच चाव्यात शिश्न मधोमध तुटले. त्या वर्षी त्या जागेहून मिळालेला तो एकच प्रौढ प्राणी होता. तेव्हापासून बशीच्या काठावर ‘डावी’ किंवा ‘उजवी’ अशी चिठ्ठी लावूनच मी कात्री उचलतो.

जननसंस्था मोकळी करणे

काहीही कापण्यापूर्वी एक गोष्ट पाहून लिहावी: जननरंध्राच्या बाजूच्या डोळ्याच्या स्पर्शकाला आत खेचणारा स्नायू शिश्न आणि योनी यांच्या मधून जातो, की त्यांच्या बाहेरून. अनेक कुळांत व प्रजातींत ही निर्णायक खूण आहे आणि स्नायू एकदा कापला की ती कायमची गेली.

मग आतल्या टोकाकडून सुरुवात करावी. यकृताच्या तपकिरी वेढ्यात रुतलेली फिकट दाणेदार उभयलिंगी ग्रंथी, तिच्यापासून निघणारी नागमोडी नलिका, पुढे मलईच्या रंगाची आल्ब्युमिन ग्रंथी आणि तिला जोडलेली जाड, सुरकुतलेली अंडशुक्रवाहिनी, असा क्रम लागतो. अंडशुक्रवाहिनी पुढे दुभंगते: एक फाटा मोकळ्या अंडवाहिनीच्या रूपाने योनीकडे जातो, दुसरा केसासारख्या शुक्रवाहिनीच्या रूपाने वळसा घेऊन एपिफॅलस या शिश्नामागच्या नळीमध्ये आणि तेथून शिश्नात शिरतो. एपिफॅलसला फ्लॅजेलम नावाची चाबकासारखी शेपटी असू शकते. योनीच्या बाजूने एक देठ निघून त्याच्या टोकाला बर्सा कोप्युलॅट्रिक्स ही पिशवी असते. जोडीदाराकडून आलेल्या बहुतेक शुक्रपेशी आणि त्या ज्यात बांधून येतात त्या शुक्रकोशाचे आवरण तेथे पचवले जाते. ही पिशवी बऱ्याचदा हृदयाच्या शेजारी अडकलेली असते, म्हणून देठ ओढला की तो मध्येच तुटतो. आजूबाजूची संयोजी ऊती चिमट्याच्या टोकाने विंचरत, पिशवीपर्यंत शांतपणे जावे. याला अर्धा तास लागला तरी तो वाया जात नाही.

ॲरिओफॅन्टिडे कुळातील अनेक गोगलगायींत योनीजवळ समागमात जोडीदाराला बाण टोचणारी एक जाड, स्नायुमय बाणयंत्रणा असते आणि एपिफॅलसवर एक बंद तोंडाची शाखा असते. शिश्नाला मागे खेचणारा स्नायू या शाखेच्या टोकाला जोडलेला असू शकतो. ही शाखा सरळ की पिळलेली, स्नायू नेमका कुठे जोडलेला, फ्लॅजेलम आहे की नाही, बाणयंत्रणा आहे की नाही आणि असल्यास शिश्नाच्या तुलनेत केवढी, हे पाच प्रश्न प्रत्येक नमुन्याला विचारावेत. शेवटी जननरंध्राभोवतीच्या त्वचेचा छोटा तुकडा राखून संपूर्ण संस्था बाहेर काढावी, पसरून टाचावी आणि मापपट्टीसह चित्र काढावे. कॅमेरा ल्युसिडा (मायक्रोस्कोपमधली प्रतिमा कागदावर दाखवणारे उपकरण) नसेल तर छायाचित्रावर कागद ठेवून गिरवावे. पण गिरवताना प्रत्येक जोड पुन्हा मायक्रोस्कोपखाली पाहून घ्यावा. डावखुऱ्या जातीचे चित्र सोयीसाठी उलटे करू नये.

बाण आणि शिश्नाचा आतला भाग

बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जाती आतून किती स्वच्छ वेगळ्या होतात, हे युरोपातील सेपेआ प्रजातीच्या दोन सामान्य गोगलगायींत पाहावे. सेपेआ नेमोरॅलिस (लिनियस, १७५८) आणि सेपेआ हॉर्टेन्सिस (म्युलर, १७७४) या दोन्हींचे शंख पिवळे, गुलाबी किंवा तपकिरी, पट्टेदार किंवा बिनपट्ट्यांचे असतात. पहिलीच्या तोंडाची कड सहसा गडद आणि दुसरीची पांढरी असते; परंतु पांढऱ्या कडेच्या नेमोरॅलिस आणि गडद कडेच्या हॉर्टेन्सिसही सापडतात. अशा वेळी बाणपिशवी उघडावी. समागमाच्या वेळी जोडीदाराला टोचला जाणारा हा बाण चुन्याचा असतो. तो मोडून आडव्या छेदाकडे पाहिले, तर अधिकच्या चिन्हासारखी चार पाती दिसतात: नेमोरॅलिसमध्ये पात्यांच्या कडा साध्या असतात, हॉर्टेन्सिसमध्ये प्रत्येक पात्याची कड दुभंगलेली असते. पिशवी रिकामी निघाली तर घाबरून ‘बाण नाही’ असे लिहू नये. बाण नुकताच मारला गेला असेल आणि नवा तयार व्हायला काही दिवस लागतात. पिशवीच नसणे आणि पिशवीत बाण नसणे, या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

शिश्नाच्या बाबतीतही बाहेरच्या लांबी-रुंदीपेक्षा आतली भिंत जास्त बोलते. ते लांबीने चिरून उलगडावे, दोन्ही काठ टाचावेत आणि आतल्या उभ्या वळ्या, दाणे, खवले किंवा स्तनाग्रासारखा उंचवटा यांचे चित्र काढावे. बर्सामध्ये शुक्रकोश सापडला तर तो सुदैवाचा भाग समजून अखंड बाहेर काढावा. तो एपिफॅलस व फ्लॅजेलम यांच्या पोकळीत घडत असल्याने त्या पोकळीचा साचाच हाती येतो, आणि त्यावरचे काटे व फांद्या जातीनुसार वेगळ्या असू शकतात.

रॅड्युला

मुखपिंड कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात रात्रभर ठेवले की स्नायू विरघळून दातांची फीत, म्हणजेच रॅड्युला, आणि जबडा उरतो. हे द्रावण कातडी भाजते. चष्मा व हातमोजे हवेतच. फीत पाण्याने धुऊन, काचपट्टीवर दात वर येतील अशी पसरावी आणि मधल्या दाताच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत किती दात आहेत व त्यांना किती टोके आहेत, ते मोजावे. जवळच्या जातींमध्ये येथे फारसा फरक मिळत नाही, कारण दात आहाराशी जुळवून घेतात. कुळ किंवा प्रजाती ठरवताना मात्र उपयोग होतो.

फरक जातीचा की अवस्थेचा

हा टप्पा सर्वांत कठीण आहे आणि बहुतेक चुकीची नावे येथेच जन्माला येतात. अनेक गोगलगायींत आधी नर भाग पक्व होतो आणि मग मादी भाग. त्यामुळे कोवळ्या प्राण्यात शिश्न पूर्ण वाढलेले पण अंडवाहिनी दोऱ्यासारखी आणि आल्ब्युमिन ग्रंथी बारीक दिसते. त्याच जातीच्या, ऑगस्टमध्ये अंडी घालण्याच्या बेतात असलेल्या प्राण्यात हीच ग्रंथी अर्धी देहगुहा व्यापते. सेपेआ ज्यात येते त्या हेलिसिडे कुळात प्रौढाच्या शंखाची कड बाहेर वळून जाड होते, म्हणून वय बाहेरूनच कळते. ॲरिओफॅन्टिडे कुळात कड शेवटपर्यंत पातळ राहते, त्यामुळे प्रौढपणाचा पुरावा आल्ब्युमिन ग्रंथीतच शोधावा लागतो. उन्हाळ्यात तोंडावर पडदा ओढून पडून राहिलेल्या प्राण्यांत सगळेच अवयव बारीक झालेले असतात, तेव्हा तुलना पावसाळ्यातल्या नमुन्यांचीच करावी. काही गटांत, उदाहरणार्थ डेरोसेरास लेव्हे या बिनशंखी गोगलगायीत, शिश्नच नसलेले प्राणी नियमित आढळतात. ते पाहून कोणी नवी जात जाहीर करू नये.

माझ्या मते एका ठिकाणचे किमान पाच प्रौढ उघडल्याशिवाय कोणत्याही मापाला जातीची खूण म्हणू नये. लांबीपेक्षा गुणोत्तरे वापरावीत, आणि गुणोत्तरांपेक्षा एखादा अवयव असणे-नसणे व तो कुठे जोडलेला आहे, यांवर अधिक विसंबावे. कारण ताणलेल्या आणि आक्रसलेल्या शिश्नाच्या लांबीत सहज दुपटीचा फरक पडतो. सर्वांत भक्कम पुरावा एकाच गडग्यावरून मिळतो: एकाच रात्री, एकाच जागी सापडलेल्या प्रौढांमध्ये अ आणि ब अशा दोन रचना असतील, मधले रूप एकही नसेल आणि शंखाची किंवा मॅण्टलच्या पाळीची एखादी बारीक खूण त्याच रेषेवर विभागली जात असेल, तर त्या दोन जाती आहेत असे म्हणायला हरकत नाही. तेवीस किलोमीटरवरच्या दोन डोंगरांवर सापडलेल्या फरकाला एवढे वजन देता येत नाही.

डीएनएचा तुकडा यासाठीच राखून ठेवलेला असतो. शरीररचनाही कधी कधी फसवते. सेपेआ प्रजातीतच चार जाती दीर्घकाळ एकत्र मानल्या जात होत्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या रेणवीय अभ्यासानंतर व्हिंडोबोनेन्सिस ही जात कॉकॅसोटॅकिआमध्ये आणि सिल्व्हॅटिका ही मॅक्युलारिआमध्ये गेली. आंबोलीहून २०२१ साली वराडिया आंबोलिएन्सिस या नव्या प्रजातीची व जातीची नोंद झाली. ही अर्धशंखी गोगलगाय आहे, म्हणजे शंख इतका छोटा की अंग त्यात मावत नाही. तिच्या वर्णनातही जननेंद्रियांची रचना आणि डीएनए यांचा एकत्र आधार घेतलेला आहे.

नाव लावताना

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या जातींचे मूळ नमुने म्हणजे परदेशी संग्रहालयांतले कोरडे शंख आहेत. त्यांच्यात मऊ अंगच नाही, त्यामुळे आपल्या विच्छेदनाची तुलना थेट त्यांच्याशी करता येत नाही. यावर उपाय एकच: मूळ वर्णनात दिलेल्या ठिकाणी पावसाळ्यात जाऊन, मूळ शंखाशी जुळणारे जिवंत प्राणी मिळवणे आणि त्यांचे अंतरंग त्या नावाचे प्रमाण मानणे. ठिकाण नुसते ‘मुंबई’ असे लिहिलेले असेल, तर शंखाच्या छायाचित्रांशी मिळतीजुळती एकच जात त्या परिसरात आहे की अनेक, हे आधी तपासावे लागते. तोपर्यंत आपल्या नमुन्याला ‘मॅक्रोक्लॅमिस, जात १’ असे साधे नाव देऊन ठेवण्यात कमीपणा नाही.

विच्छेदन झाल्यावर जननसंस्था, रॅड्युलाची काचपट्टी, शंख आणि डीएनएची कुपी या चारही वस्तूंवर एकच क्रमांक टाकावा आणि जननसंस्था छोट्या कुपीत घालून ती कुपी मूळ बरणीतच ठेवावी. नवी जात असल्याचे ठरले, तर जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ३९ नुसार अधिकृत संग्रहालयाला तसे कळवून नमुने तेथे जमा करावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे असे एक संग्रहालय आहे. तेथे पाठवण्यापूर्वी बरणीतले इथॅनॉल पुन्हा एकदा बदलावे, झाकणाखाली पॅराफिल्म (ताणली जाणारी मेणासारखी पट्टी) गुंडाळावी आणि आतली पेन्सिलची चिठ्ठी बाहेरून वाचता येते ना, हे पाहावे.